नायगावचे स्मारक आणि पायराबंदचे कुलूप

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

खंडाळा तालुक्यातील नायगाव येथे सावित्रीबाई फुले यांचे भव्य स्मारक आणि त्याला जोडून महिला प्रशिक्षण केंद्र उभारण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतल्यापासून आपल्या जिल्ह्यात त्याविषयी उत्साहाने बोलले जात आहे. हा उत्साह योग्यच आहे आणि निर्णयाचे मीही मनापासून स्वागत करते. मात्र जे काही कानावर येते आणि वाचनात येते, त्यात जागा, पुतळा, प्रवेशद्वार आणि निधी यांचाच विचार अधिक दिसतो. उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर, त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी ते दार कोण उघडणार, त्या माणसाचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघणार आणि आत येणाऱ्या मुलीला तिथे काय मिळणार, याबद्दल कोणी फारसे विचारताना दिसत नाही. हा प्रश्न मला इतक्या निकडीचा वाटतो त्यामागे बांगलादेशातील पायराबंद नावाचे एक खेडे आहे.

काही वर्षांपूर्वी, तिकडचा प्रवास आजच्याइतका अवघड नव्हता तेव्हा, एका मैत्रिणीबरोबर कूचबिहारकडून चांगराबांधा-बुडीमारीची सीमा ओलांडून मी रंगपूरला गेले होते. रंगपूर शहरातून ढाक्याच्या महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की मिठापुकुर उपजिल्हा लागतो आणि महामार्ग सोडून थोडे आत वळले की पायराबंद येते. मुलूख सपाट आहे. भात, बटाटा आणि तंबाखूची शेते आहेत, आणि मधूनमधून हांडीभांगा जातीच्या आंब्याच्या बागा आहेत. डोंगराच्या कुशीत वाढलेल्या वाईकर माणसाला तिथे नजर टेकवायला काही सापडत नाही. या गावी 9 डिसेंबर 1880 रोजी रोकेया सखावत हुसेन यांचा जन्म झाला. बंगालमधील मुस्लिम मुलींच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या लेखिका आणि शाळाचालक म्हणून दोन्ही बंगालांत त्यांचे नाव घराघरांत आहे. आपल्याकडे मात्र सावित्रीबाईंच्या लेकी म्हणवून घेणाऱ्या आम्हा पुष्कळ जणींना ते ऐकूनही माहीत नसते.

रोकेयांचे वडील जमीनदार होते. घरात मुलगे कलकत्त्याला शिकत होते. मुलींना मात्र कुराणपठणापुरती अरबी आणि थोडी उर्दू यापलीकडे काही शिकवायचे नाही, बंगाली आणि इंग्रजी तर मुळीच नाही, असा दंडक होता. थोरली बहीण करीमुन्नेसा चोरून बंगाली वाचायला शिकली. ते उघडकीला आल्यावर नातेवाइकांनी गिल्ला केला, तिचे शिक्षण थांबले आणि लवकरच तिचे लग्न लावून देण्यात आले. तरीही धाकट्या बहिणीला बंगालीची गोडी लावली ती तिनेच. थोरला भाऊ इब्राहिम साबेर रात्री घर निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात रोकेयांना इंग्रजी शिकवीत असे. पुढे रोकेयांनी ‘मतिचूर’ या आपल्या लेखसंग्रहाचा दुसरा भाग या बहिणीला आणि ‘पद्मराग’ ही कादंबरी या भावाला अर्पण केली. नायगावच्या पाटलांच्या घरची लेक नवव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर जोतीरावांकडून अक्षरे शिकली, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. पायराबंदच्या जमीनदाराची लेक भावाकडून शिकली. सावित्रीबाईंचे निधन झाले तेव्हा रोकेया सोळा वर्षांच्या होत्या. या दोघींना एकमेकींची कधी खबर लागली असेल असे वाटत नाही.

पडद्याचा जाच काय असतो हे रोकेयांनी ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात लहान लहान हकिकतींतून लिहून ठेवले आहे. त्यातील एक त्यांची स्वतःची आहे. वयाच्या पाचव्या वर्षापासून त्यांना परक्या पुरुषांपासूनच नव्हे, तर परक्या बायकांपासूनही लपावे लागे. एकदा घरी पाहुण्या बायका आल्या आणि त्यांच्या मोलकरणी घरभर हिंडू लागल्या, तेव्हा या पोरीला माळ्यावर अडगळीत दडून बसावे लागले, आणि एक लहानगा भाचा आठवण झाली म्हणजे काही खायला-प्यायला नेऊन देई. असे दिवसामागून दिवस गेले. हे सारे त्यांनी कुठेही गळा न काढता, काहीशा मिश्कील सुरात सांगितले आहे, आणि म्हणूनच वाचणाऱ्याला ते जास्त लागते.

पायराबंदला त्या जमीनदारी वाड्यातले आता फारसे काही उरलेले नाही. कुंपणाच्या आत जुन्या विटांच्या भिंतींचे काही तुकडे आणि खांब उभे आहेत, विटांच्या सांध्यांत रोपटी रुजली आहेत आणि पावसाळ्यातील शेवाळ वाळून काळे पडले आहे. आम्ही गेलो तेव्हा रोकेया दिवस नुकताच होऊन गेला होता. त्यांचा जन्म आणि मृत्यू एकाच तारखेचा, 9 डिसेंबरचा, असल्याने बांगलादेशात तो दिवस सरकारी इतमामाने साजरा होतो, कर्तबगार स्त्रियांना त्यांच्या नावाचे पदक दिले जाते आणि पायराबंदला तर जत्राच भरते. मैदानात मांडवाचे बांबू उतरवण्याचे काम चालू होते आणि खेळण्यांची एक-दोन दुकाने माल बांधत होती. तिथल्याच एका शिक्षिकेशी आमची गाठ पडली. आम्ही त्यांना आपा म्हणत होतो, त्या आम्हाला दीदी म्हणत होत्या, आणि माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीला त्यांचे थोडेबहुत हिंदी सांभाळून घेत होते. त्या म्हणाल्या, “दीदी, कालपरवा आला असतात तर मंत्री, गाड्या, माणसे सगळे पाहायला मिळाले असते, आता येथून पुढे वर्षभर आम्हीच.” त्या हे हसत म्हणाल्या, तक्रार म्हणून नव्हे.

माझा मुद्दा या अवशेषांशेजारच्या इमारतीचा आहे. पायराबंदला रोकेयांच्या नावाने एक प्रशस्त स्मृतिकेंद्र बांधलेले आहे. सभागृह, ग्रंथालय, संशोधनाची आणि प्रशिक्षणाची सोय आणि दर्शनी भागात रोकेयांचा पुतळा, असा सर्व विचार करून उभारलेले हे केंद्र 2001 मध्ये सुरू झाले. बांधकाम प्रकल्पातून झाले होते. प्रकल्प संपला, सरकार बदलले, केंद्र कोणत्या खात्याने चालवायचे याचा घोळ झाला आणि कामकाज थंडावले ते पुढे वर्षानुवर्षे. मधल्या काळात त्या वास्तूत तयार कपड्यांच्या धंद्यासाठी शिवणकामाचे प्रशिक्षण सुरू करण्यात आले. त्याविरुद्ध प्रकरण थेट उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि वास्तू मोकळी करण्याचा आदेश झाला. अखेरीस बऱ्याच विलंबाने केंद्राची जबाबदारी बांगला अकादमी या तिथल्या सरकारी भाषा-साहित्य संस्थेकडे आली. त्यांच्या वृत्तपत्रांत हे सारे वेळोवेळी छापून आलेले आहे, त्यामुळे मी कोणाची उणीदुणी काढते आहे असा गैरसमज नसावा. ज्यांनी ते केंद्र उभारले त्यांची भक्ती खोटी नव्हती आणि पैसाही कमी पडला नव्हता. पुढे चालवण्याची तजवीज तेवढी राहून गेली.

ज्या बाईंच्या स्मृतीसाठी हे केले, त्यांचे उभे आयुष्य नेमके या चालवण्याच्या कामात गेले होते, म्हणून ही चूक अधिकच खटकते. त्यांचे यजमान सखावत हुसेन भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्यांनी पत्नीच्या लेखनाला उत्तेजन दिले आणि मुलींच्या शाळेसाठी 10,000 रुपये बाजूला काढून ठेवले. 1909 मध्ये ते वारले आणि त्यानंतर काही महिन्यांतच रोकेयांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा सुरू केली. सासरच्या मालमत्तेच्या कलहामुळे त्यांना ते गाव सोडावे लागले. मग 16 मार्च 1911 रोजी कलकत्त्यात वलिउल्ला गल्लीतील एका भाड्याच्या घरात आठ मुलींना घेऊन शाळा पुन्हा उभी राहिली. स्वतः रोकेयांनी शाळेचे तोंड कधी पाहिलेले नव्हते; वर्ग कसे भरवतात, हजेरी कशी घेतात हे शिकण्यासाठी त्या कलकत्त्यातील इतर मुलींच्या शाळांत जाऊन बसत. घरोघरी जाऊन त्या आयांची मनधरणी करीत. मुस्लिम शिक्षिका मिळत नसल्याने मद्रास, गया, आग्रा अशा लांबच्या ठिकाणांहून त्या आणाव्या लागत. चार वर्षांत मुलींची संख्या 80 च्या पुढे गेली.

शाळेच्या मोटारीची हकिकत तर आपल्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. पडदानशीन घरांतील मुली पायी येणार नाहीत म्हणून शाळेने मोटार ठेवली, आणि पडदा मोडू नये म्हणून ती इतकी बंदिस्त केली, की आत अंधार आणि उकाडा यांनी मुलींना ओकाऱ्या झाल्या, काहींना भोवळ आली. आयांच्या तक्रारी आल्या. मग झडपा उघडून रंगीत पडदे लावले, तर वाऱ्याने पडदे हलतात आणि मुली दिसतात, म्हणून धर्मबांधव म्हणवणाऱ्यांची धमकीची पत्रे आली. आपल्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती पडली. रोकेयांकडे ती टपालाने आली, एवढाच फरक. मुलींना शिकवायचे तर आधी त्या शाळेपर्यंत पोहोचायच्या कशा, हा प्रश्न सोडवावा लागतो, हे त्या बाईंना शंभर वर्षांपूर्वी उमगले होते.

हीच लेखिका 1905 मध्ये मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा लिहून गेली. तीत बायका विज्ञानाच्या बळावर देश चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात, ढगांतून पाणी ओढून घेतात, आणि पुरुष मात्र घराच्या आतल्या भागात कोंडलेले असतात. 2024 मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाच्या जागतिक स्मृती नोंदवहीत तिचा समावेश झाला. मला मात्र कथेइतकेच महत्त्वाचे वाटते ते हे, की कथा लिहिणाऱ्या हाताने पुढे शाळेचा जमाखर्चही लिहिला. ती शाळा कलकत्त्यात आजही लॉर्ड सिन्हा मार्गावर सरकारी कन्याशाळा म्हणून भरते आहे. शाळा टिकली, कारण तिला रोज येणाऱ्या मुली, शिक्षिका आणि वेतनाची सोय होती.

आता नायगावकडे येते. पुणे-सातारा महामार्गावरील शिरवळहून आत वळले की नायगाव येते. सावित्रीबाईंच्या माहेरचे, नेवसे पाटलांचे घर तिथे जतन केलेले आहे. 3 जानेवारीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. राज्यभरातून लेझीम, दिंड्या, शाळांच्या सहली आणि अर्थातच मंत्री येतात. त्या दिवसाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु इतर दिवशी, विशेषतः सुट्टी नसलेल्या दिवशी दुपारी, मी तिथे गेले आहे आणि पायराबंदच्या आपांचे बोलणे मला तिथे आठवले आहे.

नायगाव हे सावित्रीबाईंचे केवळ जन्मस्थान नाही, हेही या निमित्ताने सांगितले पाहिजे. 1856 मध्ये आजारपणामुळे त्या माहेरी येऊन राहिल्या होत्या, आणि तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात भावाने त्यांच्या कामाबद्दल कसे टाकून बोलले आणि आपण त्याला काय उत्तर दिले, हे सविस्तर कळवले आहे. 1868 च्या नायगावहून लिहिलेल्या पत्रात गावकरी एका प्रेमी युगुलाला मारायला निघाले असता, मुलगी खालच्या मानलेल्या जातीची म्हणून, आपण मध्ये पडून त्यांचा जीव कसा वाचवला, ते लिहिले आहे. म्हणजे या गावाच्या मातीत नुसता पाळणा हललेला नाही, तर वाद घातला गेला आहे आणि माणसे वाचवली गेली आहेत. ही पत्रे मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावली तरी येणारी मुलगी उभी राहून वाचेल. माझा अनुभव असा, की गौरवाच्या ओळी कोणी वाचत नाही, पत्र मात्र प्रत्येक जण वाचतो.

मी आयुष्य ग्रंथालयात काढलेले आहे. त्यामुळे स्मारकाच्या आराखड्यात ‘सुसज्ज ग्रंथालय’ असे शब्द दिसले, की मी आनंदून जाण्याऐवजी सावध होते. ग्रंथालयाला कपाटे आणि पुस्तके एकदाच लागतात, ग्रंथपाल रोज लागतो. मी जिथे नोकरी केली, तिथे अनुदानाचा हप्ता लांबला की सेवकांचे पगार थकत, आणि पगार थकले की आधी संध्याकाळची वेळ बंद होई, मग रविवारची, आणि नेमक्या त्याच वेळी मुली यायच्या. देवघेव नोंदवहीची पाने पाहिली की ग्रंथालय जिवंत आहे की नाही, ते निरीक्षकाच्या शेऱ्याची वाट न पाहता कळते. कुलूप एकदम लागत नाही, ते असे थोडेथोडे लागत जाते. पायराबंदच्या बातम्या वाचताना मला यातले काहीच नवे वाटले नाही.

रयत शिक्षण संस्थेच्या जिल्ह्यात ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले, तेव्हा मुलांच्या पोटाला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ते सोने इमारतीसाठी गेले नव्हते, रोजच्या भाकरीसाठी गेले होते. वसतिगृह म्हणजे रोजचे धान्य, हे त्या माउलीला ठाऊक होते. आज कोणाला पदरमोड करायला सांगायचे नाही. शासनाच्या तिजोरीतूनच खर्च व्हायचा आहे, फक्त तो बांधकामाच्या एका आकड्यावर संपू नये.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की नायगावच्या स्मारकाचे काम पुढे सरकण्यापूर्वीच ते कोणत्या विभागाने चालवायचे हे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे आणि त्यासाठी कायमस्वरूपी पदे मंजूर करावीत. त्यांत किमान एक पूर्णवेळ ग्रंथपाल असावा, आणि देखभालीचा वार्षिक खर्च जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवला जावा, म्हणजे तो कमी पडला तर कोणाला विचारायचे हे जनतेला कळेल. महिला प्रशिक्षण केंद्रात काय शिकवायचे, हे ठरवताना शिरवळ-खंडाळा पट्ट्यातील कारखान्यांत पाळीने कामाला जाणाऱ्या बायकांना विचारावे. त्या दुपारी दोनला सुटतात की रात्री, यावर वर्गाची वेळ ठरायला हवी, अधिकाऱ्यांच्या कार्यालयीन वेळेवर नव्हे. आणि शिवणयंत्रे आणून ठेवली की महिला प्रशिक्षण झाले, अशी जी आपल्याकडे सरधोपट समजूत आहे, ती निदान सावित्रीबाईंच्या गावात तरी चालवू नये. शिवणकाम वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्या बाईंनी मुलींना गणित आणि व्याकरण शिकवले, त्यांच्या नावाच्या केंद्रात हिशेबनीस, परिचारिका, वीजतंत्री होण्याचीही वाट असली पाहिजे.

ग्रंथालयाला जोडून मुलींसाठी अभ्यासिका असावी, ती रात्री नऊपर्यंत उघडी असावी आणि तिथे स्वच्छतागृह चालू अवस्थेत असावे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी खेड्यांतील मुलगे साताऱ्याला किंवा पुण्याला खोली करून राहतात, मुलींना घरून ती परवानगी मिळतेच असे नाही. खंडाळा आणि वाई तालुक्यांतील मुलींना नायगावची अभ्यासिका सोयीची होईल, पण रोकेयांच्या मोटारीचा प्रश्न इथेही आहे. शाळेत जाणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, तो घर ते शाळा या मार्गाचा. महिलांना अर्धे तिकीट आहे, पण संध्याकाळी परतीची गाडीच नसेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? शिरवळहून नायगावला सकाळी जाणारी आणि अभ्यासिका बंद झाल्यावर मुलींना घेऊन महामार्गापर्यंत परतणारी एसटी वर्षभर सुरू ठेवावी. 3 जानेवारीला जादा गाड्या सोडल्या जातात तेवढ्याने हे भागणार नाही.

एक लहानशी सूचना आणखी. या स्मारकात देशातील आणि शेजारच्या मुलखांतील, मुलींना शिकवणाऱ्या इतर स्त्रियांनाही एक दालन द्यावे. फातिमा शेख त्यात असाव्यातच, पण पायराबंदच्या रोकेयाही असाव्यात आणि त्यांच्या निवडक हकिकती मराठीत उपलब्ध करून द्याव्यात. माळ्यावर लपवून ठेवलेली ती पाच वर्षांची मुलगी सातवी-आठवीतल्या मुलींना फार लवकर आपली वाटेल, असे मला माझ्या ग्रंथालयातील वाचकांवरून खात्रीने सांगता येते.

जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी आणि जिल्हा प्रशासनाने या पदांचा, चालू खर्चाचा आणि एसटीचा खुलासा आपल्या वृत्तपत्रातून केला, तर माझ्यासारख्या अनेक वाचकांवर उपकार होतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल,
वाई, जि. सातारा